अनामिकेची किंमत

नुकसानभरपाई हा शब्द आपल्या जुन्या घरांतून अजूनही थोडा खालच्या आवाजात उच्चारला जातो. शेताच्या बांधावरून, वाड्याच्या वाटणीवरून, देवस्थानच्या मानपानावरून आपली घराणी तीन तीन पिढ्या कोर्टात भांडली आहेत आणि त्याची कोणाला लाज वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु मोटारीच्या धडकेत एखाद्याचा हात मोडला, चार महिने त्याला घरी बसावे लागले आणि त्याने त्याचे पैसे मागितले, की मग मात्र कुजबूज सुरू होते. ‘अंगाचे पैसे केले’ म्हणतात. ‘जीव वाचला हे काय थोडे झाले?’ असेही विचारतात. हा विचारणारा बहुधा स्वतः धडधाकट असतो.

या समजुतीविरुद्ध मला आज लिहावयाचे आहे. मी कायदेपंडित नव्हे. संगीतशिक्षक आहे, आणि गेले काही महिने एका सोबत्याच्या कामासाठी वकिलाच्या कचेरीत जी बैठक करावी लागली तिच्यातून शिकलेले सांगतो आहे. माझे वडील कोल्हापूर दरबारात सारंगीला होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ते नुकते विशीत आले होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबारची चाकरी त्यांनी थोडीच केली, पण तिथली एक शिस्त जन्मभर पाळली. कलावंताने बिदागी मागू नये, दिली ती घ्यावी, मोजू नये. शिस्त सुंदर होती यात शंका नाही. ती पाळणाऱ्याच्या पाठीमागे राजाची कोठी होती, हे मात्र आपण विसरतो. गवई आजारी पडला तर कोठीतून शिधा येई. न आला तर तक्रार करायला दुसरे दार नव्हते. आता कोठी नाही, शिधा नाही, आणि शिस्त तेवढी शिल्लक आहे. नुकसानभरपाईकडे आपण बिदागीच्या नजरेने पाहतो ही सगळी मूळ गफलत आहे असे मला वाटते.

महिन्यातून दोनदा मी पेडण्याला शिकवायला जातो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, तिथून पत्रादेवी, की गोवा लागले. हा रस्ता आम्हा कोल्हापूरकरांना नवा नाही. गोव्याचे आणि आपल्या दरबाराचे नाते सांगण्यासाठी दोन नावे पुरी आहेत. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघींनी तालीम घेतली ती आपल्याकडे राजाश्रय मिळालेल्या अल्लादियाखाँसाहेबांची. पेडण्याच्या पुढे कोलवाळच्या पुलाकडे जाताना धारगळ लागते. परवापरवापर्यंत हे भाताच्या मळ्यांचे आणि काजूच्या डोंगरांचे गाव होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले, त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही झाले. जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. महामार्ग सहासष्टवरून सुकेकुळण भागातून विमानतळाकडे नेणारा रुंद जोडरस्ता २०२४ साली खुला झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सनबर्न नावाचा तो प्रचंड आवाजाचा महोत्सवही याच गावात भरला आणि त्यावरून बराच वाद झाला. त्याबद्दल एका संगीतशिक्षकाने काय बोलावे! पण जिथे बैलगाडी आणि सायकल यांना पुरेल एवढी वाट होती तिथे विमान गाठण्याच्या घाईतली वाहने येऊ लागली, आणि वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे गोल चौक आले. गोव्यात त्यांना सर्कल म्हणतात.

२०२५ च्या मे महिन्यात धारगळजवळच्या अशाच एका सर्कलवर आमच्या मोटारीला अपघात झाला. गाडी एका विद्यार्थ्याची, तोच चालवीत होता. मी पुढे बसलो होतो. मागे माझे साथीदार, त्याच परिसरातले तबलजी, वय ४३. आमची गाडी गोलात शिरून अर्धे वळण घेऊन झाली होती, तेवढ्यात डावीकडच्या रस्त्याने आलेली मोटार न थांबता आत घुसली आणि मागच्या दारावर आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. तबलजींचा उजवा हात दारात चेपला. मनगटाचे हाड मोडले, अनामिकेची दोन्ही पेरे चुरली.

दुसऱ्या गाडीतील गृहस्थ सभ्य होते. उतरले, पाणी दिले, रुग्णालयापर्यंत बरोबर आले. तिथे त्यांनी खिशातून दहा हजार रुपये काढले आणि म्हणाले, “मास्तर, पोलिसांत कशाला जायचे? आपण घरची माणसे. इथेच मिटवू.” तबलजींच्या आईने पैशांना हात लावला नाही, पण तिचेही म्हणणे तेच होते. “देवान हात राखलो, आता कोर्टाची पायरी नको.” मी त्यांना विनंती केली की निदान पोलिसांत नोंद तरी होऊ द्या; पुढचे पुढे पाहू. ती नोंद झाली म्हणून आज लिहिण्यासारखे काही मजजवळ आहे.

हाड जुळले. मनगट बऱ्यापैकी फिरू लागले. अनामिका मात्र आखडली ती आखडलीच. पुरती वाकत नाही, हलके टेकत नाही. तीन महिन्यांनी वैद्यकीय दाखला मिळाला, त्यावर कायमचे अपंगत्व सहा टक्के असे लिहिले होते. डॉक्टरांनी लिहिले ते त्यांच्या कोष्टकाप्रमाणे बरोबरच असेल. भारतात अवयवांची अशी कोष्टके जुनी आहेत. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पाहावे: अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, आणि अनामिका किंवा करंगळी संपूर्ण गेली तरी सात. गिरणीतल्या माणसाचा हात समोर ठेवून हे आकडे बसविले आहेत हे उघड दिसते. हातोडा धरायला, चाक फिरवायला अनामिका फारशी लागत नाही.

तबल्यावर काय होते ते वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी सांगतो. ‘ना’ वाजतो तो तर्जनीने, चाटेवर. पण तर्जनीचा आघात होत असताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असावी लागते. ती टेकली नाही तर चामड्याचा सगळा घुमार मोकळा सुटतो आणि ‘ना’चा तो टणत्कारी, रेखीव नाद उमटतच नाही. बोट जोरात दाबले तर नाद मरतो. उचलले तर बेसूर होतो. डग्ग्याची जोड मिळाली की याच ‘ना’चा ‘धा’ होतो. म्हणजे तीनतालाची पहिली मात्राच या बोटाच्या स्वाधीन. तर्जनी कीर्ती मिळविते, काम अनामिका करते. असे हे बोट कोष्टकात सात टक्क्यांचे, आणि नुसते आखडलेले असेल तर त्याहूनही कमी.

येथे एखादा म्हणेल, कायदाच असा आहे, त्याला तुमच्या ‘ना’चे काय? मीही असेच समजत होतो. परंतु कायदा तसा नाही, आणि हीच गोष्ट आपल्या लोकांना माहीत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जखमी माणसाच्या प्रकरणात हे सविस्तर सांगून ठेवले आहे. शरीराचे अपंगत्व एक आणि कमाईची हानी दुसरी; दोन्हींचे टक्के सारखे धरू नयेत. न्यायालयाने उदाहरण दिले ते डाव्या हाताचे. हात तुटला तर वैद्यकीय दृष्ट्या अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास येईल. तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तो सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी जाणारही नाही, आणि मग तितका तोटा धरता येणार नाही. दाखल्यावरचा आकडा संपूर्ण शरीराचा की त्या एका अवयवाचा, हेही न्यायाधिकरणाने विचारले पाहिजे, आणि शक्यतो डॉक्टरला साक्षीला बोलावले पाहिजे, असेही तिथे म्हटले आहे. पुढे २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या आणि २०२० मध्ये उजवा हात गमावलेल्या एका तरुण टंकलेखकाच्या प्रकरणांत याच न्यायालयाने खालच्या कोर्टांनी कमी धरलेली हानी वाढवून दिली. टंकलेखकाची हानी उच्च न्यायालयाने ४५ टक्के धरली होती, ती ६५ केली. वादक असा प्रश्न घेऊन कोर्टात गेला तर त्याचे म्हणणे चमत्कारिक ठरणार नाही, एवढी वाट तयार झालेली आहे. त्या वाटेने जायला मात्र कोणीतरी निघाले पाहिजे.

या टक्क्यांनी रुपयांत किती फरक पडतो ते पाहावे. समजा तबलजींचे उत्पन्न शिकवण्या, जत्रा, भजने आणि साथ मिळून महिन्याला २५,००० रुपये. वर्षाचे ३ लाख. चाळीस ते पन्नास वयाच्या स्वतंत्र व्यावसायिकाला भावी वाढ म्हणून २५ टक्के मिळवावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. २०२० च्या त्या टंकलेखकाच्या निकालानंतर जखमींच्या बाबतीतही ही वाढ धरायला हरकत उरली नाही. झाले पावणेचार लाख. ४१ ते ४५ या वयाला गुणक १४, हा २००९ पासून ठरलेला आहे. गुणाकार ५२,५०,००० येतो. सहा टक्के धरले तर हाती येतात ३,१५,०००. वादक म्हणून त्याची सत्तर टक्के कमाई बुडाली असे सिद्ध झाले तर ३६,७५,०००. आणि उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून मजुराच्या वेतनाप्रमाणे महिना १२,००० धरले व टक्के पुन्हा सहाच ठेवले, तर १,५१,२००. माणूस तोच, बोट तेच, अपघात तोच. औषधोपचार, बुडालेले दिवस, वेदना, घरच्या माणसाने केलेली शुश्रूषा यांचे पैसे याखेरीज मागता येतात. आता ते दहा हजार आठवावेत.

तेव्हा खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची आहे आणि या बाबतीत आपल्या कलावंतांनी स्वतःवर अन्याय करून घेतलेला आहे. पेडणे, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यातले दशावतारी नट जत्रेच्या हंगामात रात्रीच्या रात्री गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. त्यांच्याइतका रस्त्यावरचा धोका पत्करणारा कलावंत दुसरा नसेल. प्रयोगामागे मिळणारे पैसे हातावर मिळतात, पहाटे गाडीतच वाटले जातात. पेटीवाले, कीर्तनकार, भजनीबुवा, शिकवण्या करणारे आम्ही, सगळ्यांचे असेच. पगारपत्रक नाही, म्हणून किमान वेतन धरा, असे विमा कंपनीचे वकील सांगतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मालमोटार चालकाच्या प्रकरणात म्हटले आहे की पगाराचा दाखला नाही एवढ्यावरून किमान वेतन हाच एकमेव मापदंड होत नाही. परिस्थिती पाहून काही अंदाज करता येतो. पण अंदाज करायलाही काही हाताशी लागते. आकाशवाणीचे करारपत्र, कार्यक्रमाची छापील पत्रिका, देवस्थान समितीची पावती, फोनवरून जमा झालेली शिकवणीची फी, शिष्यांची हजेरीवही. माझ्या वडिलांनी बिदागी मोजली नाही. मी ती वहीत लिहितो आणि त्यात मला त्यांचा अवमान झालासे वाटत नाही.

सर्कलचा प्रश्न राहिला. चूक कोणाची? २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे गोलात आधीच असलेल्या वाहनाला पहिला हक्क आहे. आत शिरणाऱ्याने थांबावयाचे. हे परवाना घेतलेल्या दहा माणसांना विचारून पाहावे, किती जणांना सांगता येते ते! आपल्याकडे गोल चौकात ज्याची गाडी मोठी त्याचा हक्क मोठा असा रिवाज आहे. आमच्या बाबतीत दोन्ही चालक एकमेकांकडे बोट दाखवतात, दोन्ही विमा कंपन्याही तेच करतात. परंतु मागे बसलेल्या माणसाने काय चूक केली? दोन चालकांच्या संमिश्र हयगयीने तिसरा जखमी झाला तर त्याला कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. त्या दोघांनी आपापला वाटा नंतर ठरवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे. प्रवाशाने या भांडणात पडण्याचे कारणच नाही. हे समजेपर्यंत आमचे तबलजी दोन महिने, ‘त्या पोराला गोत्यात आणायचे का?’ या विवंचनेत होते. पोराला, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला. समोरच्या सभ्य गृहस्थाबद्दलही त्यांना तसेच वाटे. त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. विमा चालू असेल, परवाना ठीक असेल, तर रक्कम विमा कंपनी देते. कोणाच्या घरातली चूल विझत नाही. भिडस्तपणाने दावा सोडला तर फायदा होतो तो त्या गृहस्थाचा नव्हे, तर ज्या कंपनीने वर्षानुवर्षे हप्ते घेतले तिचा.

दोन सापळे मात्र सांगितले पाहिजेत. पहिला मुदतीचा. १९९४ च्या दुरुस्तीने भरपाईच्या अर्जाला मुदतच ठेवली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ज्याचे हाड जुळायलाच चार महिने लागतात त्याला सहा महिने! हे मला अन्यायाचे वाटते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती न्यायाधिकरणाला ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावयाचा, जखमीला त्याचे हक्क लेखी कळवावयाचे, असे २०२२ चे नियम आहेत. तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तुमच्या हाती हक्कांचा कागद आला नसेल तर जाऊन मागावा.

दुसरा सापळा गोड आहे. कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळण्याची सोय कायद्याच्या १६४ व्या कलमात आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच. गरजू माणसाला हे पैसे लवकर मिळतात, आणि ज्याची दुखापत पुरती बरी झाली त्याने ते जरूर घ्यावेत. परंतु ते तडजोडीने स्वीकारले की न्यायाधिकरणापुढचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपतो. कोणी आपुलकीने अर्ध्या पानाची सही मागितली तर आधी ते अर्धे पान वाचावे. तबलजींसमोर असे पान आले होते. त्यांनी ते मला वाचायला दिले, मी वकिलांना दिले, आणि सही झाली नाही.

आपल्या कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण शनिवार-रविवार गोव्याला जाणारी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. अपघात धारगळला झाला म्हणजे खेटे गोव्यातच घालावे लागतात हा समज चुकीचा आहे. जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणापुढेही अर्ज करता येतो. मला काही झाले असते तर मी कोल्हापुरात करू शकलो असतो. आणि अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, तेही आता उरले नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्याच गावात बसते. वर्षानुवर्षे ज्यासाठी आंदोलने केली ते दार उघडले, तर त्यातून आपल्या रास्त कामासाठी आत जायला संकोच कसला?

खोटे दावे होतात, असा आक्षेप येईल. होतात. उत्तर प्रदेशातल्या बनावट अपघात दाव्यांवरून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांनाही धारेवर धरले होते. पण चोर आहेत म्हणून सावकाराने आपले येणे सोडावे असे कोणी म्हणत नाही. खोट्या दाव्यांचा उपयोग खऱ्या जखमींना गप्प बसवण्यासाठी होतो याचे मला अधिक वाईट वाटते. जून २०२४ मध्ये आपल्या सायबर चौकात भरधाव मोटारीने दुचाकीस्वारांना उडविले ते दृश्य साऱ्या गावाने फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले. जे गेले त्यांच्याबद्दल आपण हळहळलो. जे जखमी झाले त्यांचे पुढे काय झाले, कोण चालू लागले, कोण कामावर गेले, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले? मृत्यूची बातमी होते. आखडलेल्या बोटाची होत नाही.

संगीताच्या जगात अपघाताचे नाव निघाले की इंदूरच्या उस्ताद अमीरखाँची आठवण निघतेच. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्याला मोटार अपघातात ते गेले. त्यांचेही वडील इंदूर दरबारात होते. त्यांच्या जाण्याने जे नुकसान झाले त्याला भरपाई नाही, हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि ते खरेही आहे. गंमत अशी की त्याच वर्षी, १ एप्रिल १९७४ रोजी, न्यूझीलंडने अपघातातल्या जखमींसाठी नवी व्यवस्था सुरू केली. तिथे चूक कोणाची हे विचारीतच नाहीत. अपघाताने काम सुटले तर कमाईच्या ८० टक्के रक्कम आठवड्याच्या आठवड्याला मिळते, त्या बदल्यात कोर्टात भांडण्याचा हक्क माणसाने सोडलेला आहे. पन्नास वर्षे होऊन गेली, ती व्यवस्था अजून चालू आहे. आपल्याकडे तसे व्हायला किती काळ लागेल कोण जाणे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार देण्याची योजना केंद्र सरकारने लागू केली, हे पाऊल चांगलेच आहे. पण आठव्या दिवसापासूनचा माणूस पुन्हा एकटाच असतो.

तबलजींचा अर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये, मुदतीच्या आत, म्हापशाला दाखल झाला. तारखा पडत आहेत. दोन जुने शिष्य टिकून आहेत, त्यांना ते तोंडाने बोल सांगून शिकवतात. साथीची आमंत्रणे थांबली आहेत. मधल्या बोटाने शाई दाबून ‘ना’ काढण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे. विलंबित ठेक्यापुरता तो चालतो, लय वाढली की बोटे एकमेकांत अडकतात. अकरा वर्षांच्या वह्या सापडल्या, त्यांतल्या दोन वाळवीने खाल्लेल्या. जत्रेच्या समित्यांकडून पत्रे आणायला त्यांना फार संकोच वाटत होता. पहिल्या समितीच्या अध्यक्षांनी पत्र तर दिलेच, वर आपल्या चालकालाही असे काही झाले होते, त्याचे काय करता येईल म्हणून विचारले. त्या चालकाचे सहा महिने केव्हाच उलटून गेले होते.

डॉक्टरांची साक्ष अजून व्हावयाची आहे. त्या दिवशी तबला बरोबर न्यावा असे मी सुचविले. वकील आधी हसले, मग म्हणाले, आणा. साहेबांची परवानगी मागून पाहू. तबलजींनी तो बाहेर काढला आहे. वर्षभर न वाजल्याने पुडी ढिली पडली होती, ती म्हापशालाच एकाकडे बसवायला टाकली आहे.